मुद्दा सोडून माणसावर घसरला तर
हे बघ बाबू, वेगळ्या विदर्भावर बोलायला उभा राहशील तेव्हा कुणीतरी हमखास म्हणेल, 'तू पुण्यात नोकरी करतोस, तुला काय पडलंय इथलं?' नोकरीची सफाई देत बसू नकोस. विदर्भाने एका मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांमध्ये झालेला १९५३ चा नागपूर करार काढ. दरवर्षी विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात व्हावं, असं त्यात आहे. त्यावर बोला म्हणावं.

पण प्रत्येक टोमण्याला तर्कदोष म्हणू नकोस. कारण देऊन वर शिवी हासडली, तर तो नुसता उद्धटपणा. कारणाऐवजीच शिवी आली, की तर्कदोष. आणि 'मी डोळ्यांनी पाहिलं' म्हणणाऱ्याला त्याचे हितसंबंध खुशाल विचार. तिथे सगळा भार त्याच्या शब्दावरच असतो.