पडवीतली खाट

"बाय, झील चतुर्थीक इलो खरो, पण आदलो ऱ्हवलो नाय. कोणी कायतरी केल्यान काय?"

देवगडकडच्या एका काकीने हे विचारलं, तेव्हा ती रवळनाथाला कौल लावून आली होती. (मी कौलाला नावं ठेवत नाही. त्यानंतर माणूस मनाच्या दुखण्यासाठी माझ्याकडे येतो, एवढं मला पुरे.) फौजी मुलांच्या आया हा प्रश्न मला नेहमी विचारतात. या मुलाच्या आणि काकीच्या परवानगीने, ओळख लागू नये इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगा तेवीस वर्षांचा. मे २०२५ मध्ये पूंछ भागात सीमेपलीकडून तोफांचा मारा झाला, तेव्हा तो तिथल्या एका चौकीवर होता. एरवी आरतीला झांज घेऊन पुढे असणारा पोरगा या वेळी मागच्या दाराशी उभा. पत्र्यावर नारळ पडला की भिंतीला चिकटायचा. एका रात्री शेजाऱ्यांनी भातातली डुकरं हाकलायला सुतळी बॉम्ब लावला. याने धाकट्या बहिणीला खेचून जमिनीवर आडवं केलं. तिचं कोपर फुटलं. त्यानंतर तो पडवीत खाट टाकून झोपू लागला, म्हणजे नुसता पडून राहू लागला.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. "तिकडे काय झालं?" असं सरळ विचारलं. "काही नाही मॅडम," म्हणून तो उठून गेला. दुसऱ्या वेळी फक्त झोपेबद्दल बोललो.

काकीला मी सांगितलं, आवाज होताच जमिनीवर पडायचं, हे त्याच्या अंगात मुरलंय. त्यानेच तो तिथे वाचला. घरी आला तरी मेंदूची राखण अजून चालूच आहे. मोठ्या धक्क्यानंतर काही आठवडे असं होणं नेहमीचं. महिना उलटूनही तीच स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं सुरूच राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराची, तपासणी करावी लागते. हे नाव मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आलं, पण पहिल्या महायुद्धातले डॉक्टर अशाच अवस्थेला 'शेल शॉक' म्हणत होते. सगळ्याच जवानांना हे होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांतले बरेच सावरतात.

चौथ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं, आणि ती भीती नव्हती. माऱ्याच्या त्या रात्री मोर्चावर पहाऱ्याची पाळी त्याची होती. त्याला ताप होता म्हणून जोडीदार गेला. जोडीदाराचा पाय गेला.

"मॅडम, तो पाय माझा जायला हवा होता."

"तुझी चूक नाही" हे वाक्य अशा वेळी दगडावर पाणी. मी विचारलं, "त्याला फोन केलास?" तीन महिन्यांत एकदाही नाही. आठवड्याने केला. पलीकडून आधी कचकचीत शिवी आली, मग "मेला होतास काय इतके दिवस?" हे मला सांगताना तो पहिल्यांदा हसला. मग बराच वेळ रडला.

उपचाराला जायला मात्र तो कचरत होता. फौजेच्या वैद्यकीय 'शेप' श्रेणीतला पहिला 'एस' मानसिक स्थितीचा. तो खाली गेला की नोकरी संपली, अशी बराकीत समजूत. तात्पुरती श्रेणी पुन्हा तपासली जाते, वरही येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. युनिटच्या डॉक्टरला भेटायचं ठरलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून आहे.

घरच्यांना थोडंच सांगितलं. झोपेत हलवून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. रोजची रम वाढतेय का बघा. आणि "किती मारलंस रे?" विचारणाऱ्या पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावा. शेजारचे अण्णा आता बार उडवायच्या आधी ओरडून सांगतात.

सुट्टी संपायच्या आधी काकीचा फोन आला. तो सलग चार तास झोपू लागलाय, पण पडवीतच, तोंड बेड्याकडे, म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे करून.

"खाट आत घेव काय गो?"

"राहू दे काकी," मी म्हटलं. "तो घेईल."