इंग्लंडमधलं ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च खरंच इ.स. 845 चं आहे का?

नाही, भिंतींचं लाकूड साधारण 1063 ते 1108 या काळातलं निघालं. 845 हा जुना अंदाज. 1995 मध्ये खोडातली वर्षवलयं मोजली तेव्हा तो मोडीत निघाला, तरी पाट्यांवर-पुस्तकांत फिरतोच. एसेक्समधल्या या शेतीच्या गावात ओकचे ओंडके उभे चिरून, सपाट बाजू आत, गोल बाहेर, असे लावलेत. कडांच्या खाचांत लाकडी पट्ट्या, म्हणजे वारा-पाणी आत शिरत नाही. ओल बुडालाच धरते, म्हणून 1848 च्या दुरुस्तीत कुजलेले बुंधे कापून खाली विटांचं जोतं घातलं. मात्र हे वय फक्त मधल्या दालनाच्या भिंतींचं. वेदीकडचा विटांचा भाग 1500 च्या सुमाराचा आहे.