रात्रपाळीनंतर झोपून उठलं की डोळे सुजलेले, थकलेले दिसतात. घरगुती उपाय आहे का?

काकडी ठेवून फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. सकाळी पाळी सुटली की गेटवर असेच डोळे दिसतात, म्हणून लिहितोय.

आधी बघा, सूज दोन-चार तासांत उतरते का? उतरत असेल तर ते साचलेलं पाणी. आडवं पडल्यावर ते डोळ्यांभोवतीच्या पातळ, सैल कातडीत जमतं आणि हिंडायला लागलं की ओसरतं. दिवसभर तेवढीच राहत असेल आणि घरात आई-वडिलांचंही तसंच असेल, तर बहुतेक ती पुढे आलेली चरबी. तिला काकडीही हलवत नाही आणि महागडी क्रीमही.

पाण्याच्या सुजेवर काम करतो तो गारवा. काकडी, बटाट्याची चकती, फ्रिजमधला चमचा ही सगळी त्याचीच रूपं. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी चटका देतं, म्हणून मी माठातलं घेतो. धुऊन धुऊन मऊ पडलेला टॉवेलचा तुकडा बुडवायचा, पिळायचा, डोळे मिटून दहाएक मिनिटं ठेवायचा, कोमट झाला की परत बुडवायचा. बर्फ थेट लावू नका. कोऱ्या चहात भिजवून गार केलेली पट्टीही चालते; चहातल्या कॅफीननं रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात. दूध-साखरेचा उरलेला चहा नको, डोळ्यांना मुंग्या लागतील!

उशीखाली एक चादर घडी घालून ठेवा, डोकं जरा उंच राहतं. ती सोलापुरी असली तर एकच पुरते.

मग मीठ, तेही अंगात पाणी धरून ठेवतं. रात्रीच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर लोणचं आणि पापड. शेंगाचटणी सोडा असं सांगायची माझी छाती नाही, पण लोणचं-पापड दुसऱ्या जेवणाला ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा.

डोळे चोळणं मात्र बंदच करा. मागावर कापसाची धूळ उडते, खाज सुटते, माणूस चोळतो आणि सूज वाढते. स्वच्छ पाण्याने धुवा. खाज जात नसेल तर ती ॲलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून मनानेच थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग डोळ्यांजवळ नकोतच.

एकच डोळा सुजला, लाल झाला, दुखतोय किंवा अंधुक दिसतंय, तर पट्टी ठेवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन्ही डोळे रोज सुजतात, पायांवरही सूज आहे, लघवीला फेस येतो, तर मूत्रपिंडाची शंका घ्यायची. लहान पोराचे डोळे रोज सकाळी सुजत असतील तर तेच. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनं जातात का ते कळतं.