स्वतःसाठी वेळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नोकरी, घर, मुलांचा अभ्यास. दिवस कुठे जातो कळत नाही. स्वतःसाठी अर्धा तास काढायचं रोज ठरवते, पण तो निघतच नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी तीन दिवस नुसती नोंद करा, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि दर दोन-तीन तासांनी मागचं भरत जा. रात्री एकदम भरायला बसलात की मोठी कामं तेवढी आठवतात, मधल्या फटी आठवत नाहीत. आपल्याला तर फटीच शोधायच्यात. फोनवर किती वेळ गेला यासाठी आठवणीवर विसंबू नका. सेटिंगमधला स्क्रीन टाइमचा आकडा उतरवून घ्या.

तिन्ही पानं शेजारी ठेवली की बहुधा असं दिसतं: सलग अर्धा तास खरंच नाही, पण दहा-बारा मिनिटांचे एक-दोन तुकडे रोज साधारण त्याच जागी आहेत. त्यातला एकच धरा. त्याला घड्याळाची वेळ देऊ नका. घरात पाचचे साडेपाच व्हायला निमित्त लागत नाही. त्यापेक्षा तो आधीच्या कामाच्या शेपटीला बांधा: 'ओटा पुसला, फडका वाळत टाकला, की चपला घालून मी बाहेर.' अशा 'अमुक झालं की तमुक' बेतांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. खूण नेमकी हवी, इतकंच. 'काम संपल्यावर' ही खूण नव्हे. घरचं काम संपतं कधी?

त्या दहा मिनिटांत काय करायचं तेही आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ऐनवेळी 'आता काय करू' असा विचार आला की हात फोनकडेच जातो. चालायचं ठरवलंत तर 'एवढ्याशानं काय होणार' म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पूर्वी त्यात एका वेळी किमान दहा मिनिटांची अट होती, ती २०२० च्या शिफारशींत काढून टाकली. पाच मिनिटंही हिशेबात धरली जातात.

प्रश्न: सगळे झोपल्यावरच माझा वेळ सुरू होतो. मोबाइल बघता बघता एक वाजतो आणि सकाळी सहाला उठावं लागतं. कळतं, पण वळत नाही.

उत्तर: दिवसभरात हक्काचं काहीच मिळालं नाही की माणूस झोपेतून उसनं घेतो. म्हणून 'अकरानंतर फोन बंद' हा नियम तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतो: काढून घेतलं, बदल्यात दिलं काही नाही. आधी द्या. साडेनऊ ते साडेदहा हा तास तुमचा, दार लोटून घ्यायचं, हे घरात स्पष्ट सांगा आणि त्या तासातली कामं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. सगळे झोपायची वाट बघत बसलात तर हे जमणार नाही.

प्रौढांना किमान सात तास झोप हवी. सहाला उठायचं तर अकराच्या आत डोळा लागायला हवा. पण आज एक, उद्या साडेदहा अशी उडी मारू नका. शरीराचं घड्याळ इतकं पटकन सरकत नाही, मग टक्क जागे पडून राहता आणि फोन परत हातात येतो. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. महिनाभरात साडेदहाला पोचाल. उठायची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा आणि डोळे जडावल्यावरच अंथरुणावर परत या. संध्याकाळच्या कॉफीवरही लक्ष ठेवा: सहाला घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं अकरालाही अंगात असतं.

चार्जर खोलीबाहेर ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. ते नसेल तर 'फक्त गजरासाठी' म्हणून फोन उशाशी येतोच.

प्रश्न: आई अंथरुणाला खिळली आहे, तिचं सगळं मीच बघतो. भाऊ म्हणतो, 'काही लागलं तर सांग.' पण मला दोन तासही बाहेर पडता येत नाही.

उत्तर: 'काही लागलं तर' याला उत्तर नसतं. त्यांना वार आणि तास सांगा: 'दर शनिवारी चार ते सहा तू.' खरी अडचण अशी की सगळी माहिती तुमच्या डोक्यात आहे. ती एका पानावर उतरवा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कूस कधी बदलायची. चादरी आणि डायपर कुठे आहेत. काय दिसलं तर तुम्हाला फोन करायचा आणि काय दिसलं तर थेट डॉक्टरांना. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

पहिल्या शनिवारी घरातच थांबा, पण त्या खोलीत जाऊ नका. दुसऱ्या वेळी अर्धा तास बाहेर, तिसऱ्या वेळी पूर्ण दोन तास. परत आल्यावर चुका काढत बसलात तर भाऊ चौथ्या शनिवारी येणार नाहीत. उशी तुमच्यासारखी लावली नाही? चालेल. औषधाची वेळ चुकली तर मात्र बोला. आणि ते दोन तास बँकेच्या रांगेत घालवू नका, ते काम वेगळं धरा.

दोन आठवडे सलग झोप उडाली, भूक गेली, कशातच रस वाटेनासा झाला, तर हा प्रश्न वेळापत्रकाचा राहत नाही. स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न: वीस दिवस नियमित व्यायाम केला, मग आजारपणात आठवडा बुडाला. आता पुन्हा पहिल्यापासून?

उत्तर: नाही. 'एकवीस दिवसांत सवय लागते' ही ऐकीव गोष्ट आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ असा बदलत होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. आठवडा म्हणजे जरा जास्त, म्हणून खूण तीच ठेवा आणि काम लहान करा: पहिले तीन दिवस फक्त पाच मिनिटं, ताप किंवा अशक्तपणा असेल तर तेही नाही. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून रविवारी दीड तास घाम गाळू नका. सोमवारी अंग आंबतं आणि तोही दिवस बुडतो.