शंका-समाधान: आवाज चित्राच्या मागे का पडतो?

प्रश्न (कोपरखैरणे): व्हीसीआरवर पूर्वी टेप केलेले टीव्हीचे कार्यक्रम यूएसबी कॅप्चर स्टिकने लॅपटॉपवर घेतो आहे. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अनकॉम्प्रेस्ड' (न दाबलेलं) निवडलं आहे. तासाची फाइल 75 जीबीची होते आणि शेवटाकडे आवाज दोन सेकंद मागे पडतो. स्टिक आणि एक्स्टर्नल डिस्क एकाच यूएसबी 2.0 हबला लावल्या आहेत. दर्जा न घालवता काय करता येईल?

उत्तर: गोम त्या हबमध्ये आहे. पालचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) चित्र 720 बाय 576 पिक्सेलचं, सेकंदाला 25 फ्रेम, आणि 4:2:2 मध्ये (रंगाचा तपशील आडवा निम्मा ठेवण्याच्या पद्धतीत) पिक्सेलमागे 2 बाइट. गुणाकार केला की सेकंदाला 20.7 एमबी. तेवढा डेटा स्टिककडून येतो आणि तेवढाच त्याच वायरीने डिस्ककडे जातो, म्हणजे 41 एमबीच्या वर. यूएसबी 2.0 कागदावर 60 एमबी देतं, हातात पडतात 35 च्या आसपास. न मावलेल्या फ्रेम गळतात. एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, त्यामुळे 50 गळल्या की दोन सेकंद गेलेच.

स्टिक थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, फाइल आतल्या डिस्कवर लिहा आणि काम झाल्यावर एक्स्टर्नलवर हलवा. ती डिस्क एफएटी32 या जुन्या फॉरमॅटची असेल तर 4 जीबीपुढची फाइल घेणारच नाही. एनटीएफएस या फॉरमॅटची करून घ्या, पण फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

'अनकॉम्प्रेस्ड'चा हट्टही सोडा. कॉम्प्रेशनच्या यादीत हफयूव किंवा यूटी व्हिडिओ निवडा; दोन्ही लॉसलेस, म्हणजे काही न गमावता दाबणारे. उलगडल्यावर बाइटन् बाइट तोच डेटा परत मिळतो आणि तासाची फाइल साधारण निम्म्यावर येते. टेपच्या चित्रात जितक्या मुंग्या (ठिपक्यांची खरखर), तितकी बचत कमी. कॅप्चर फॉरमॅट मात्र वाययूवाय2 (YUY2, वरचा 4:2:2 चाच प्रकार) च ठेवा. आरजीबी ठेवलात तर पिक्सेलमागे 3 बाइट लागतात, वर रंगांचं रूपांतर होतं आणि ते जसंच्या तसं उलटवता येत नाही. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं जोडून पूर्ण फ्रेम करणं) कॅप्चर करताना करू नका. तळाच्या काही ओळी फाटल्यासारख्या दिसतील. तो व्हीसीआरचं एक हेड (टेप वाचणारा भाग) संपून दुसरं सुरू होण्याचा सांधा, टीव्हीवर तो काठाआड लपायचा. कायमच्या साठवणीसाठी नंतर एफएफव्ही1 या लॉसलेस प्रकारात करून एमकेव्ही फाइलमध्ये ठेवा. त्यातली स्लाइस-सीआरसी ही तपासणीच्या आकड्यांची सोय चालू असेल तर पुढे फाइल कुजली तरी कळतं.

एवढं करूनही आवाज मागे पडला तर गळलेल्या फ्रेमचा आकडा बघा. आकडा शून्य आणि फरक मात्र संथपणे वाढतोय? मग आवाज बहुधा लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून येतोय, आणि त्या साउंड कार्डचं घड्याळ वेगळं चालतं. आवाजही स्टिकमधूनच घ्या. फ्रेम फक्त दोन रेकॉर्डिंगच्या सांध्यावर गळत असतील तर टेपवरचा सिंकच (चित्राची वेळ जुळवणारा संकेत) तिथे तुटलेला आहे. त्याला टाइम बेस करेक्टर हे ती वेळ सावरणारं यंत्रच लागतं, संगणक कितीही वेगवान असो.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): पावसाळ्यानंतर काही कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे डाग दिसतात. चालवून बघू का?

उत्तर: अजिबात नको. ती बुरशी आहे. ती हेडवर बसते, पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते, आणि चिकटलेली टेप फाटू शकते. अशा कॅसेट सिलिका जेल घालून वेगळ्या डब्यात ठेवा आणि साफ करणाऱ्याकडेच द्या. एखादी चुकून चालवली असेल तर शॅमॉय कापडावर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापड ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) स्थिर धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कानातली काडीही नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात.

प्रश्न (वाशी): एचडी सेट-टॉप बॉक्सवरून मालिका लॉसलेस घेता येईल?

उत्तर: घेऊन हाती काय लागणार? प्रक्षेपण येतानाच दाबलेलं असतं. त्यातले दाबल्यामुळे उमटलेले चौकोन तुम्ही तासाला 373 जीबी खर्चून जपाल. यूएसबी 2.0 च्या एचडीएमआय स्टिकला तो वेग झेपत नाही, म्हणून ती आतल्या आत एमजेपीईजी करते, म्हणजे दर्जा घालवून प्रत्येक फ्रेम दाबते. त्यावर लॉसलेस चढवणं व्यर्थ. शिवाय बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाचं कुलूप असतं.

डीडी फ्री डिशच्या खुल्या वाहिन्यांचं मात्र जमतं. संगणकाला डीव्हीबी-एस2 (डिशचा सिग्नल घेणारा) ट्यूनर लावा आणि आलेला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे प्रक्षेपणाचा मूळ डेटा, न छेडता साठवा. सेकंदाला 4 मेगाबिटची वाहिनी तासाला 1.8 जीबी घेते, आणि यापेक्षा चांगली प्रत प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही.