पुस्तके किती आणि कोणती?

प्रश्न : मी मूळची बीड जिल्ह्यातील असून गेली दीड वर्षे पुण्यात नारायण पेठेत राहून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब संयुक्त परीक्षेची तयारी करीत आहे. माझ्याकडे इतिहासाची तीन आणि राज्यघटनेची चार पुस्तके आहेत, शिवाय दोन क्लासच्या झेरॉक्स नोट्स आहेत. अभ्यासिकेत कोणी नवे पुस्तक आणले की ते आपल्याकडे नाही याची धास्ती वाटते. मागील पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली. यांतील काय ठेवावे आणि काय बाजूला काढावे?

उत्तर : पुस्तकांची नावे सांगण्याचे मी मुद्दाम टाळतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला जे पुस्तक पुरते, ते कला शाखेतून आलेल्याला अपुरे पडते. म्हणून निवड तुम्हालाच करावी लागेल. मात्र ती अभ्यासिकेतील शेजाऱ्याचे टेबल पाहून न करता प्रश्नपत्रिका पाहून करावी. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर मागील प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका विनामूल्य मिळतात, त्यांतील किमान पाच वर्षांच्या छापून घ्या. उत्तरतालिका घेताना ती अंतिम आहे ना, एवढे पाहा; कारण पहिल्या तालिकेवर हरकती आल्यानंतर काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दच होतात, आणि बाजारातील प्रश्नसंचांत पहिल्या तालिकेतील उत्तर तसेच राहून गेलेले मी पाहिले आहे.

आता इतिहासाची तिन्ही पुस्तके समोर ठेवा आणि समाजसुधारक या एकाच घटकावरील दहा-बारा प्रश्न प्रत्येकात शोधा. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेऊ. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाची स्थापना १८८९ ची, हे तिन्ही पुस्तकांत असेल. परंतु ते सदन प्रथम मुंबईत सुरू झाले आणि १८९० मध्ये पुण्यात हलविण्यात आले, हे किती ठिकाणी सापडते? ‘योग्य विधान ओळखा’ या धर्तीच्या प्रश्नात नेमकी तीच जागा निसरडी असते. केवळ सन पाठ असलेला उमेदवार तेथे हमखास फसतो. ज्या पुस्तकात अशी उत्तरे सर्वाधिक मिळतील आणि जे तुम्हाला न कंटाळता वाचवेल, ते ठेवा. उरलेल्या दोहोंत जे जादा असेल ते ठेवलेल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने उतरवून घ्या आणि ती दोन्ही पुस्तके देऊन टाका. राज्यघटनेच्या चार पुस्तकांनाही हीच कसोटी लावावी.

एका विषयाला एकच पुस्तक, हा माझा आग्रह कंजुषीपोटी नाही. पूर्व परीक्षेत एका तासात शंभर प्रश्न, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद मिळतात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. एवढ्या वेळात ‘हे डाव्या पानावर, तक्त्याच्या खाली वाचले होते’ अशी आठवण उपयोगी पडते, आणि ती एकच पान सात-आठ वेळा डोळ्यांखालून गेल्याशिवाय तयार होत नाही. चार पुस्तके एकेकदा वाचणाऱ्याला चारही पर्याय ओळखीचे वाटतात. तुमचे थोडक्यात हुकणे यातूनच आलेले असावे, असा माझा अंदाज आहे.

जुनी पुस्तके घ्यावीत का, हे तुम्ही विचारलेले नाही. तरी पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक तुमच्यापासून चार पावलांवर असल्याने सांगून ठेवतो. इतिहास आणि प्राकृतिक भूगोलाचे जुने पुस्तक खुशाल घ्यावे. राज्यघटनेचे घेताना दुकानातच केंद्रशासित प्रदेशांचे पान उघडा : २६ जानेवारी २०२० पासून त्यांची संख्या आठ आहे, तेथे सात किंवा नऊ लिहिले असेल तर पुस्तक परत ठेवा. त्याचप्रमाणे लोकसभेत व विधानसभांत महिलांना एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला मिळालेला अभिजात दर्जा, या दोन नोंदी शोधा. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असे ठळक छापलेले असूनही आतील मजकूर तसाच असतो, हा अनुभव नवीन पुस्तकांतही येतो.

शालेय पुस्तकांना कमी लेखू नका. ‘बालभारती’ची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि महाराष्ट्राच्या भूगोलाचे नकाशे त्यांत अनेक ‘ठोकळ्यां’पेक्षा, म्हणजे जाडजूड मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा, स्वच्छ आहेत. राज्याच्या आकडेवारीसाठी अर्थसंकल्पाच्या सुमारास येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मुळातून पाहावी. चालू घडामोडींना एक मासिक पुरे. अंकगणिताला तर नव्या पुस्तकापेक्षा घड्याळाचीच गरज अधिक असते.

राहिल्या झेरॉक्स नोट्स. ज्याने त्या काढल्या, त्याने स्वतःला आधीच ठाऊक असलेले सारे त्यांतून गाळलेले असते, आणि काय गाळले हे तुम्हाला कागदावर दिसत नाही. त्यामुळे त्या रद्दीत गेल्या तरी हळहळू नका.

प्रश्न : माझा मुलगा राज्यसेवेची तयारी करतो. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे त्याचे सर्व वस्तुनिष्ठ सराव संच निरुपयोगी झाले का? (एक पालक, हडपसर)

उत्तर : सर्व नव्हे. पूर्व परीक्षा वस्तुनिष्ठच आहे, तेव्हा तिचे संच राहू द्यावेत. जुन्या मुख्य परीक्षेचे संच तथ्ये तपासण्यापुरतेच कामाचे. नव्या पद्धतीत मुख्य परीक्षेच्या नऊ प्रश्नपत्रिका आणि १७५० गुण आहेत, मुलाखत २७५ गुणांची आहे. येथे पुस्तकांइतकाच खर्च कोऱ्या कागदांवर व्हायला हवा. नवी पद्धत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या धर्तीची आहे आणि तिच्या प्रश्नपत्रिका त्या आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांतील सामान्य अध्ययनाचा एक प्रश्न रोज, वेळ लावून, मराठीत लिहावा आणि विषय जाणणाऱ्या कोणाकडून तरी तो तपासून घ्यावा. नवा संच घेण्याचे पैसे त्या तपासणीसाठी राखून ठेवता आले तर अधिक बरे.