भाऊ म्हणतो आत्ता हक्कसोडपत्रावर सही कर, पैसे नंतर देतो. काय करू?

ताई, तुमचे वडील मृत्युपत्र न करता गेले, फ्लॅटला नॉमिनी भाऊ आहे आणि आता तो सही मागतोय. माझं म्हणणं सरळ आहे: पैसे नंतर मिळणार असतील तर सहीही नंतरच करा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. तुम्ही हिंदू आहात असं धरून सांगते. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलगा, मुलगी आणि वडिलांची पत्नी यांचा वाटा सारखा. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. मुलीचं लग्न झालं म्हणून काही कमी होत नाही.

तुमच्या प्रश्नात आईचा उल्लेखच नाही, म्हणून आमचं सांगते. बाबा गेल्यावर आम्ही तिघं भावंडं कागद घेऊन बसलो आणि घराचे तीन भाग मांडले. आई शेजारीच लसूण सोलत होती. "मला काय करायचंय, तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, आणि आम्ही खरंच आमचं आमचं बघितलं. वकीलबाईंनी कागद वाचून पहिल्यांदा विचारलं, "आईंचा चौथा हिस्सा कुठाय?" त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. शेवटी मी आणि बहिणीने धाकट्यासाठी हक्क सोडला, पण आईचा हिस्सा तिच्याच नावावर ठेवला.

आता पैशाचं, कारण फसगत इथेच होते. मोबदला घेऊन हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क बरंच जास्त लागतं. म्हणून पुष्कळ जण दस्तात 'विनामोबदला' लिहितात आणि पैशाचं तोंडी ठरवतात. एकदा तसं लिहून सही झाली की उद्या पैसे मागायला तुमच्या हातात काय उरणार? दस्तच सांगेल की तुम्ही काही न घेता हक्क सोडलात. शुल्क जास्त गेलं तरी चालेल, पण रक्कम आणि चेकचा किंवा डीडीचा नंबर दस्तात येऊ द्या. घराचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रार ऑफिसात, नोंदवावंच लागतं, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. आणि एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, कोर्टातच जावं लागतं.

भावाकडे आज पैसे नसतील, तर तेही मी समजू शकते. मग घर तोवर सगळ्यांच्या नावावर राहू दे, तो राहतोय तर राहू दे. त्याच्यावर अविश्वास दाखवायची गरज नाही, "तुझे पैसे जमले की त्याच दिवशी सही करते," एवढं प्रेमाने सांगा. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू (त्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) यांची झेरॉक्स मात्र आत्ताच मागून घ्या. आणि आई असतील तर हे सगळं बोलणं त्यांच्यासमोर करा, त्यांना काय हवंय ते आधी विचारून.